कोहिमा वॉर सिमेट्रीतील सेकंड डिव्हिजनचे स्मारक : काय पाहावे, कसे वाचावे, नावे कशी शोधावीत

ईशान्यवारी (धागाकर्ता)

हॉर्नबिल उत्सवाच्या निमित्ताने नागालँडमधल्या कोहिम्याला जाणारे बरेच जण वॉर सिमेट्रीत अर्धा तास काढतात. प्रवेशद्वाराजवळच्या उंच शिळेवरच्या दोन ओळी वाचतात, फोटो घेतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. त्या ओळींचा अर्थ असा: "घरी परताल तेव्हा आमच्याविषयी सांगा, म्हणा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला."

ही शिळा संपूर्ण सिमेट्रीचे स्मारक आहे असा सर्रास समज दिसतो. तसे नाही. ती ब्रिटिश सैन्याच्या सेकंड डिव्हिजनची आहे. शिळेवर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या दिसतील, ते त्या डिव्हिजनचे चिन्ह. डिव्हिजन म्हणजे तीन पायदळ ब्रिगेड, तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय तुकड्या सगळे धरून पंधरा-सोळा हजारांची फौज. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, जपान्यांविरुद्धच्या कोहिम्याच्या लढाईत तिचे प्रमुख होते मेजर जनरल जॉन ग्रोव्हर.

या डिव्हिजनच्या आधी आणि तिच्या बरोबरीने तिथे लढलेल्या भारतीय तुकड्यांची आठवण याच सिमेट्रीत आहे, पण ती टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथवर फार थोडे जण चढतात. म्हणून हा धागा. खालून वर कसे जायचे, कुठे काय आहे, नावे कशी शोधायची आणि तिथल्या दगड-धातूला हात लावताना काय टाळायचे, हे इथे एकत्र व्हावे.

आधी जागेबद्दल. कोहिमा समुद्रसपाटीपासून साधारण 1,440 मीटरवर आहे. सिमेट्री गावाच्या मध्यावर, गॅरिसन हिलच्या उतारावर, दिमापूरकडून येणारा आणि इंफाळकडे जाणारा रस्ता वळतो त्या कोपऱ्यावर आहे. 1944 साली इथे डेप्युटी कमिशनरचा बंगला आणि त्याचे टेनिस कोर्ट होते. आराखडा कॉलिन सेंट क्लेअर ओक्स या वास्तुविशारदाचा. मूळ उताराच्या पायऱ्या-पायऱ्या तशाच ठेवून त्यावर कबरींच्या रांगा लावल्या आहेत. उभे दगड नाहीत. जमिनीलगत छोटा दगडी ओटा आणि त्यावर ब्राँझची पाटी असे प्रत्येक कबरीचे रूप. एकूण 1,420 कबरी आहेत, आणि माथ्यावरच्या दहन-स्मारकावर 917 हिंदू व शीख सैनिकांची नावे.

---

रेजिमेंट_नोंदी

चांगला विषय. लढाईचा क्रम नीट मांडतो, म्हणजे शिळेवरच्या किल्ल्यांचा अर्थ लागेल.

जपानी 31व्या डिव्हिजनचे (जनरल सातो) सैनिक 1944च्या 4 एप्रिलला कोहिम्यावर येऊन धडकले. वेढ्यात टेकडीवर होते फोर्थ रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंटची पहिली बटालियन, आसाम रायफल्स, नेपाळची शेर रेजिमेंट आणि इस्पितळ-कोठारातले बिनलढाऊ लोक. सगळे मिळून सुमारे अडीच हजार. कर्नल ह्यू रिचर्ड्स यांच्याकडे सूत्रे. आसाम रेजिमेंटचे जवान आधीच जेसामी आणि खारासोम इथे दिवसचे दिवस झुंजून, थकून कोहिम्यात पोचले होते, हे फार कमी ठिकाणी सांगितले जाते.

वेढ्यातल्या लोकांना बाहेरून आधार होता तो जोत्सोमाच्या तोफांचा. दोन मैलांवर 161 इंडियन ब्रिगेड अडकून पडली होती. ही ब्रिगेड फिफ्थ इंडियन डिव्हिजनची. तिच्यातल्या 1/1 पंजाब आणि 4/7 राजपूत (पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा) या बटालियनी आणि डोंगरी तोफखाना तिथे होते. वेढ्यातून बिनतारीवर तोफांच्या नेमाची दुरुस्ती सांगितली जायची आणि जोत्सोमाहून गोळे आपल्याच खंदकांच्या पुढे काही यार्डांवर पडायचे. ही अचूकता नसती तर टेकडी पहिल्या आठवड्यातच गेली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

18 एप्रिलला 1/1 पंजाब टेकडीवर पोचली. 20 एप्रिलला सेकंड डिव्हिजनच्या रॉयल बर्कशायर बटालियनने वेस्ट केंटकडून खंदक ताब्यात घेतले. म्हणजे शिळेवरची डिव्हिजन वेढा फुटण्याच्या वेळी येते, आणि तिची खरी लढाई त्यानंतर सुरू होते: नागा गाव, जीपीटी रिज, कुकी पिकेट, एफएसडी आणि डीआयएस (लष्करी कोठारांवरून पडलेली नावे), जेल हिल अशी एकेक टेकडी परत घेण्याची. यातली जेल हिल घेतली ती सेव्हन्थ इंडियन डिव्हिजनच्या 33व्या ब्रिगेडने. त्यात 4/15 पंजाब आणि 4/1 गुरखा होत्या.

13 मे रोजी डोर्सेट बटालियनने टेनिस कोर्ट घेतले. त्या दिवशी इंजिनिअरांनी कोरलेल्या वाटेवरून एक ली रणगाडा थेट कोर्टावर उतरवला आणि काही यार्डांवरून बंकरांवर मारा केला. 22 जूनला इंफाळ रस्त्यावर 109व्या मैलाच्या दगडापाशी सेकंड डिव्हिजन आणि इंफाळहून वर आलेली फिफ्थ इंडियन डिव्हिजन यांची गाठ पडली आणि रस्ता मोकळा झाला.

---

सातारी_माती

रेजिमेंट_नोंदी यांना एक पुरवणी. सेकंड डिव्हिजनचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. 1942 साली ती भारतात आली आणि अहमदनगर परिसरात तिचा तळ होता. 1944च्या मार्चमध्ये दिमापूरला निघण्याचा हुकूम आला तेव्हा डिव्हिजनचा काही भाग बेळगावकडच्या जंगलात सरावाला होता.

तिथून दिमापूर म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. बंगालपर्यंत ब्रॉडगेज, मग पार्वतीपूरला सगळे सामान उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरायचे, मग ब्रह्मपुत्रेवर अमीनगाव ते पांडू असे गाड्यांचे डबे तरीवरून पलीकडे न्यायचे. सराईघाटचा पूल 1962 सालचा, तेव्हा नदीवर पूल नव्हता. तोफा, ट्रक, दारूगोळा सगळे या दोन अडथळ्यांतून गेले. डिव्हिजन दिमापूरला तुकड्या-तुकड्यांनी पोचली आणि जशी पोचली तशी लढाईत ढकलली गेली त्यामागे हे मोठे कारण आहे. ग्रोव्हर संथ होते अशी टीका वाचायला मिळते. रेल्वेचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय ती टीका करू नये.

---

शिलालेखवाचक

शिळेबद्दल.

अंगामी आणि इतर नागा जमातींमध्ये गावजेवणाचा मान मिळवलेल्या माणसाच्या नावे उभी शिळा रोवण्याची प्रथा आहे. अखंड दगड लाकडी घसरगाडीवर बांधायचा, दोरांनी शेकडो लोकांनी ओढायचा आणि आधी खणलेल्या खड्ड्यात उभा करायचा. सेकंड डिव्हिजनच्या स्मारकाला असाच अखंड दगड निवडला गेला आणि नागा लोकांनीच तो ओढून आणला. परक्या सैन्याचे स्मारक असूनही त्याचा घाट तिथल्या मातीतला आहे. युद्धस्मारकांमध्ये इतकी योग्य निवड क्वचित दिसते.

ओळींबद्दल एक चूक सगळीकडे फिरते: त्या कोहिम्यात मरताना कुणा अनाम सैनिकाने लिहिल्या. हे खोटे आहे. मूळ ओळी जॉन मॅक्सवेल एडमंड्स या ग्रीक भाषेच्या इंग्रज अभ्यासकाच्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या. त्यांच्यासमोर थर्मापिलीच्या स्पार्टन योद्ध्यांवरचा प्राचीन ग्रीक कवी सिमोनिडीसचा लेख होता. कोहिम्याला त्या वापराव्यात ही सूचना डिव्हिजनच्या मुख्यालयातले मेजर जॉन एटी-लील यांची.

फोटो काढणाऱ्यांसाठी: दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षरे सपाट दिसतात. प्रकाश बाजूने, तिरपा हवा. ढगाळ दिवशी छोटी टॉर्च दगडाच्या अगदी लगत, पृष्ठभागाला समांतर धरली तर झिजलेले अक्षरही उठून येते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात, ओल धरतात, आणि त्या जागी शेवाळ आधी येते.

---

ईशान्यवारी

आभार. आता चढण्याचा क्रम देतो.

शिळेपासून सुरुवात करा, पण लगेच वर पाहा. उतार किती उभा आहे ते खालूनच कळते. मग मधल्या पायऱ्यांनी रांगांमधून वर जा. पाट्यांवर नाव, हुद्दा, रेजिमेंट, तारीख, वय आणि खाली बऱ्याच ठिकाणी कुटुंबाने निवडलेली एक ओळ असते. तारखा पाहत चढलात तर एप्रिलचा पहिला पंधरवडा आणि मे महिना ठळकपणे पुढे येतात.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळवलेले दोघे इथे आहेत. लान्स कॉर्पोरल जॉन हारमन, वेस्ट केंट. डीआयएस टेकडीवर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, 9 एप्रिलला मृत्यू. कॅप्टन जॉन रँडल, नॉरफोक. 6 मे रोजी जीपीटी रिजवर जखमी अवस्थेत बंकरच्या फटीतून हातबॉम्ब टाकला आणि ती फट स्वतःच्या शरीराने बुजवली.

वर टेनिस कोर्ट. त्याच्या पांढऱ्या रेषा काँक्रीटने आखून ठेवल्या आहेत. दोन्ही बाजूंचे खंदक या कोर्टाच्या दोन टोकांना होते. मध्ये उभे राहून दोन्ही टोकांकडे पाहा. हातबॉम्ब फेकण्याइतकेच ते अंतर. कोर्टाच्या कडेला चेरीचे झाड आहे. मूळ झाडाचा वापर जपानी नेमबाज करत, ते लढाईत नष्ट झाले. आजचे झाड त्याच्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याचे आहे, तशी पाटी तिथे आहे.

कोर्टाच्या वर दहन-स्मारक, सिमेट्रीतली सर्वात उंच जागा. 917 नावे इथे आहेत. याला निदान शिळेइतका वेळ द्या.

परवाना: नागालँडबाहेरच्या सर्व भारतीयांना इनर लाइन परमिट लागते. ते ऑनलाइन काढता येते. पूर्वी दिमापूर त्यातून वगळलेले होते, पण 2019च्या डिसेंबरपासून दिमापूर जिल्हाही त्यात आला. जुने ब्लॉग वाचून परवान्याशिवाय दिमापूरला उतरणारे लोक तिथेच अडकतात. छापील प्रत दोन आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. दिमापूर ते कोहिमा सुमारे 75 किलोमीटर, शेअर सुमो मिळतात. पावसाळ्यात दरडीमुळे वेळेचा भरवसा नाही. रविवारी कोहिमा जवळजवळ बंद असते, म्हणून प्रवासाचा दिवस रविवार ठेवू नका. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधारून येते. सिमेट्री सकाळी पाहा.

---

निळी_शाई

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या एका कुटुंबाकडे पणजोबा "बर्मा लढाईत गेले" एवढीच माहिती आहे, मराठा पलटण. त्यांचे नाव कोहिम्याला असेल का?

---

रेजिमेंट_नोंदी

@निळी_शाई, कोहिम्यापेक्षा आधी संगशक आणि इंफाळ तपासा. कारण सांगतो.

मार्च 1944मध्ये उखरुलच्या बाजूला संगशक या तांगखुल नागा गावाजवळ 50वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वाटेत उभी राहिली. तिच्या जोडीला होती फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, मूळची 23व्या इंडियन डिव्हिजनच्या 49व्या ब्रिगेडमधली. पाणी जवळजवळ नव्हते. डोंगरमाथ्यावर खाली कातळ, त्यामुळे खंदक खोल खणता येत नव्हते. विमानातून टाकलेला दारूगोळा आणि पाणी बराचसा जपान्यांच्या हद्दीत पडत होता. काटेरी तारेचे कुंपण नव्हते. अशा अवस्थेत 22 ते 26 मार्च ही झुंज चालली आणि 26च्या रात्री माघारीचा हुकूम आला. ज्यांना इथे थोपवून धरले ती जपानी 58वी रेजिमेंट पुढे कोहिम्यावर जाणारी होती. कोहिम्याच्या बचावाला तयारीसाठी जे दिवस मिळाले त्यात या मराठा बटालियनचा वाटा आहे. सेकंड डिव्हिजनच्या शिळेसमोर उभे राहणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असायलाच हवे.

आता शोधण्याची पद्धत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांचा शोध मोफत आहे. आडनावापासून सुरुवात करू नका. नावे कारकुनांनी ऐकून इंग्रजीत लिहिली आहेत, त्यामुळे जाधव, शिंदे, मोरे, चव्हाण ही आडनावे तीन-तीन, चार-चार प्रकारे सापडतात, आणि कित्येक ठिकाणी आडनावाच्या रकान्यात पहिले नाव असते. आधी रेजिमेंट टाका: "फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री". मराठा शब्दाचे तेव्हाचे इंग्रजी स्पेलिंग "एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए" असे आहे. आजच्या स्पेलिंगने शोधले तर काहीच येत नाही, आणि लोक निराश होऊन इथेच थांबतात. मग युद्ध दुसरे महायुद्ध, आणि मृत्यूच्या तारखांची चौकट. संगशकसाठी 19 ते 31 मार्च 1944 टाका, माघारीत गेलेलेही येतील.

"4/5 मराठा" हे वाचताना घोळ होतो. 4 हा बटालियनचा आकडा, 5 हा रेजिमेंटचा. जुन्या पेन्शन कागदावर "5वी मराठा" लिहिले असेल तर त्यावरून बटालियन कळत नाही. बटालियन कळली नाही तर रणभूमीही कळत नाही. याच रेजिमेंटच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनी इटलीत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस तिथले.

यादी आली की "अधिक माहिती" हा रकाना उघडा. तिथे वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. नावापेक्षा गाव जास्त खात्रीचे. गावांची स्पेलिंगही जुनीच, म्हणून मोठ्याने उच्चारून ताडून पाहा.

शेवटी स्मारकाचे नाव. दहन झाले असेल तर इंफाळ दहन-स्मारक. तिथे 868 नावे आहेत. देह मिळालाच नाही तर रंगून मेमोरियल, म्हणजे म्यानमारमधली तौक्यान सिमेट्री. तिथल्या खांबांवर सुमारे 27,000 नावे असून त्यांत भारतीय सैनिकांचे प्रमाण फार मोठे आहे. कोहिम्याचे नाव आले तर दहन-स्मारक.

आणखी एक. कमिशनच्या नोंदीत दुसऱ्या महायुद्धासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत्यू धरतात. जखमी होऊन परत आलेले आणि 1946 साली इस्पितळात वारलेलेही त्यात असू शकतात. तारखांची चौकट 1945ला बंद करू नका.

---

निळी_शाई

मनापासून आभार. सेवाक्रमांक कुठे मिळेल?

---

सातारी_माती

घरात पदके असतील तर आधी त्यांच्या कडा पाहा. भारतीय सैनिकांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच पदकांवर कडेला क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंटची आद्याक्षरे ठोकलेली असतात. पदक पॉलिश करून कडा चकचकीत केली असेल तर अक्षरे पुसट होतात. तिरप्या टॉर्चची वर सांगितलेली युक्ती इथेही चालते. पेन्शनचे कागद असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची प्रत घेऊन जा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. तिथे पत्र पाठवताना क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव-तालुका-जिल्हा (त्या काळचा जिल्हा, आजचा नव्हे) आणि नाते स्पष्ट लिहा. आज सांगली जिल्ह्यात असलेली बरीच गावे तेव्हा सातारा म्हणून नोंदलेली आहेत.

---

धातुकाम

ब्राँझच्या पाट्यांबद्दल लिहितो, कारण लोक प्रेमाने नुकसान करतात.

ब्राँझवरचा तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचे कवच आहे. चिंच, लिंबू, ब्रासो यांनी तो घासून काढला की पाटी दोन दिवस सोन्यासारखी चमकते आणि नंतर उघडा धातू पावसात झपाट्याने हिरवा पडतो. घामाने किंवा मिठाने क्लोराइड शिरले तर फिकट हिरवी भुकटी सुटते आणि खाली खड्डे पडत जातात. तो रोग एकदा लागला की वरवरच्या पुसण्याने जात नाही. कोहिम्यासारख्या पावसाळी हवेत तर नाहीच. भेट देणाऱ्याने करायचे एवढेच: पाटीवर माती उडाली असेल तर साध्या पाण्याने ओल्या सुती फडक्याने हलकेच टिपा. बाकी काम तिथल्या माळ्यांचे आणि कमिशनचे आहे, आणि ते उत्तम करतात.

फुले ठेवायची तर पाटीवर नको, पाटीच्या पुढ्यात. ओल्या झेंडूचा डाग दगडी ओट्यात मुरतो. हळद-कुंकू अजिबात नको, आणि तेलाचा दिवाही नको. तेल दगडात खोल जाते आणि काढता येत नाही.

उभ्या शिळेवरचे शेवाळ खरवडू नये. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर यांनी दगडाची वरची पापुद्री निघते आणि पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट जोमाने धरते.

---

शिलालेखवाचक

@धातुकाम, हेच आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्यांनाही लावून सांगाल का? पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात चावडीवर, शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत: या गावातून इतके पुरुष युद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी 46 जण त्या युद्धात कामी आले असे सांगितले जाते. बऱ्याच गावांत पाटीवर ऑइलपेंटचे थर चढलेत.

---

धातुकाम

संगमरवर म्हणजे चुनखडीच, त्यामुळे कुठलेही आम्ल त्याला खाते. बाथरूम साफ करायचे आम्लयुक्त द्रावण ओतल्याबरोबर फेस येतो. तो मळ सुटल्याचा फेस नव्हे, दगड विरघळल्याचा आहे. अक्षरांच्या कडा त्याच वेळी बोथट होतात.

आधी पाटीचे सरळ समोरून आणि तिरप्या प्रकाशात फोटो घ्या आणि मजकूर उतरवून ठेवा, पुढे काही बिघडले तरी नोंद राहील. मग पाटी स्वच्छ पाण्याने भिजवा. भिजवताना खालून वर जा. कोरड्या दगडावरून मळकट ओघळ गेले तर त्यांचे पट्टे राहतात. मऊ नायलॉनचा ब्रश, गोल फिरवत, हलक्या हाताने. साबण लागलाच तर आम्ल-अल्कली नसलेला, एक बादली पाण्यात चमचाभर, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणे. सोड्याची भुकटी नको, ती घासपेपरसारखी चालते.

ऑइलपेंट काढण्यासाठी ब्लेड किंवा छिन्नी लावू नका. रंग काढायचे जेल-द्रावण आधी कोपऱ्यात दोन इंचांवर लावून पाहा, काही मिनिटांनी लाकडी पट्टीने ओढा, पाण्याने धुवा. कोरलेल्या अक्षरांतला जुना काळा किंवा लाल रंग मूळचा असू शकतो, तो राहू द्या. पाटी भिंतीत सिमेंटने बसवली असेल आणि कडांना पांढरे क्षार फुलत असतील तर दोष भिंतीच्या ओलीत आहे. आधी गच्चीची गळती किंवा पाया दुरुस्त करा. ते न करता पाटीवर वॉटरप्रूफिंगचा थर दिला तर ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

---

ईशान्यवारी

संगशक आणि इंफाळ जोडून करणाऱ्यांसाठी: मणिपूरलाही 2020पासून इनर लाइन परमिट लागते, ते नागालँडच्या परवान्यात येत नाही, वेगळे काढावे लागते. मे 2023पासूनच्या अशांततेमुळे कोहिमा-इंफाळ रस्त्यावरची वाहतूक कधीही थांबू शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी माओ गेटची (नागालँड-मणिपूर सीमेवरचे नाके) स्थिती स्थानिक चालकांना विचारा आणि परतीचा मार्ग दिमापूरचाच धरून चाला. इंफाळला दोन सिमेट्री आहेत. मराठा नावे हवी असतील तर इंडियन आर्मी वॉर सिमेट्री हे पूर्ण नाव सांगा. नुसते वॉर सिमेट्री म्हटले तर चालक ब्रिटिश कबरींच्या सिमेट्रीत नेतो. दहन-स्मारक इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीत आहे.

---

रेजिमेंट_नोंदी

आणि पुण्यातल्यांनी खडकी वॉर सिमेट्री पाहून ठेवावी. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, देखभालीची शाश्वती नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी तिथे आणल्या. एकूण 1,668. सेकंड डिव्हिजन ज्या काळात नगर परिसरात होती त्या काळातल्या तारखा तिथे शोधा. पाट्यांवर डिव्हिजनचे नाव नसते, रेजिमेंटचेच असते, म्हणून तिच्या नऊ बटालियनींची यादी सोबत न्या: रॉयल स्कॉट्स पहिली, नॉरफोक दुसरी, लँकेशायर फ्युझिलिअर्स 1/8, वूस्टरशायर सातवी, डोर्सेट दुसरी, कॅमेरॉन हायलँडर्स पहिली, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स पहिली, रॉयल बर्कशायर पहिली, डरहॅम लाइट इन्फंट्री दुसरी. पहिल्या तीन चौथ्या ब्रिगेडच्या, पुढच्या तीन पाचव्या, शेवटच्या तीन सहाव्या. सहावी ब्रिगेड 1942-43 साली अराकानच्या मोहिमेत वेगळी लढली, तेव्हा त्या तीन बटालियनींची त्या काळातली नावे बर्माच्या बाजूच्या स्मारकांवर सापडतील.